अकरा नंबर

रात्री साडेअकरानंतर इंदिरानगरात
कुत्र्यांखेरीज कुणी बोलत नाही.
पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढलेला,
दुधाची पिशवी तासभर धीर धरील.
वरच्या कुलथेबाईंचा मिक्सर झोपला.
मी कपाटाची दारं सताड उघडते,
गोधड्या पुढे ओढते, गादी भिंतीला उभी करते,
स्टुलावर स्पीकर, आणि त्याच्यापासून
दोरीची गाठ जिथं येते तिथं
कॅप्सूल.

वीस घेतल्या होत्या, सुट्या,
शर्टाच्या बटणाएवढ्या.
पाठीवर नेलपॉलिशनं नंबर.
लग्नातलं नेलपॉलिश, त्याला एवढंच काम उरलं होतं.

दिवसा मी अंबडला गेज तपासते.
हिरवा स्टिकर, लाल स्टिकर.
रात्रीही तेच, फक्त पगार नाही.

आधी प्रमाणाचा माइक. तो पुण्याहून
स्वतःचा दाखला घेऊन आलाय,
कुणाचं तरी ऐकणं खरं मानावं लागतं
म्हणून त्याचं.
मग एक, मग दोन, मग तीन.
भुईच्या पोटातून निघून
वटवाघळाच्या कानापर्यंत चढत जाणारी
एकच शिट्टी,
प्रत्येकीनं ऐकायची, त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर.
तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.

पाच नंबरच्या आलेखाला डावीकडे टेंगूळ आलं.
लाल स्टिकर हातात घेतलाही होता.
पुन्हा घेतलं तर टेंगूळ गायब.
देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता.
मला कळलं नाही, खिडकीच्या काचेला कळलं नाही,
पाच नंबरनं ऐकलं.
मनातल्या मनात तिची माफी मागितली.

सात आणि सोळा.
एकीवर दुसरीची रेघ ठेवली
तर एकच रेघ दिसते, जरा जाड.
फरक पाव डेसिबल, तोही वरच्या टोकाला.
दत्तूमामा दुकानात दोन तांबे घेतो,
नखानं एकेकदा टिचकी मारतो, म्हणतो, जोडी लागली.
मला चार रात्री लागल्या.

अकरा नंबरला चार हजारापाशी खड्डा.
फुंकर मारली, नव्यानं डाग दिला, पुन्हा घेतलं.
खड्डा तिथंच, तेवढाच खोल.
आणि हा खड्डा मी पाहिला होता आधी,
शरणपूर रोडच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर,
डाव्या कानाच्या रकान्यात.
डॉक्टरांनी विचारलं होतं, काम काय करता?
मामा म्हणाला, काय?

रविवारी तांबट आळीत सात आणि सोळा लावल्या,
मध्ये एक वीत आणि चार बोटं.
मामा घागरीवर मठार घालत होता.
नंतर हेडफोन त्याच्या कानावर चढवला
तर त्यानं वरून तळवा दाबून धरला,
घागर धरतो तसा.
हां, म्हणाला, ही इथं फिरवली मी.
आणि बोट दाखवलं, उजवीकडे. बरोबर.

त्याला सांगितलं नाही,
तिसऱ्या वायरीवर अकरा नंबरही टांगली होती.
घरी येऊन तीच एकटी ऐकली.
ठोका होता. ठोक्याचं टोक
कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवलं होतं.
मागे मामी विचारत होती, साखर घालू का?
सात-सोळात तो स लखलखीत होता.
इथं शोधावा लागला.
मामा तिच्या सगळ्याच प्रश्नांना हो म्हणतो,
डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी गोड बंद केलं तरी.

वहीत अठरा नंबरांपुढे शेरे लिहून झालेत.
सात-सोळाची जोडी पाकिटात गेली.
अकरापुढची जागा कोरी आहे,
लाल चालत नाही, हिरवा खोटा ठरेल.

मामीला फोन करायचाय उद्या.
काय सांगायचं ते अजून जुळत नाहीये,
त्याच्या उजव्या बाजूला बस, एवढंच बहुतेक.

पंखा लावला. फ्रिज घरघरायला लागला.
दूध फुटलं होतं.